मुलांच्या बोलण्याचे कोडे : वाचा-भाषा दोषांच्या संशोधनाचा मागोवा

मूल वर्षाचे झाले की घरातील सर्वांचे कान त्याच्या पहिल्या शब्दाकडे लागतात. शेजारचे त्याच वयाचे मूल चुरूचुरू बोलत असेल आणि आपले मूल मात्र बोट दाखवून काम भागवत असेल, तर आईवडिलांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. मग 'त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते' अशी आजीची समजूत, जिभेला वेखंड चोळण्याचा घरगुती उपाय आणि 'शाळेत गेला की बोलेल' असा दिलासा, या चक्रात दोन-तीन वर्षे निघून जातात. काही मुले खरोखरच पुढे बोलू लागतात. काही मात्र मागेच राहतात आणि शाळेत 'ढ', 'आळशी' किंवा 'हट्टी' ठरतात.

या दोन प्रकारच्या मुलांमध्ये फरक कसा ओळखावा, बोलण्यातील दोष कशामुळे निर्माण होतात आणि त्यावर काय करता येते, हे प्रश्न संशोधकांना दीर्घकाळ पडले आहेत. त्यांची सगळी उत्तरे अद्याप हाती आलेली नाहीत. तथापि एक गोष्ट निर्विवाद स्पष्ट झाली आहे. बहुतेक वेळा दोष जिभेत नसतो, मुलाच्या हट्टात नसतो आणि आईवडिलांच्या वागण्यातही नसतो.

वाचा वेगळी, भाषा वेगळी

सर्वसामान्य व्यवहारात 'बोलणे' हा एकच शब्द पुरतो. शास्त्र मात्र वाचा आणि भाषा या दोन गोष्टी वेगळ्या मानते. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांच्या मेळातून ध्वनी उमटवणे ही वाचा होय. शब्दांचे अर्थ जाणणे, ते नियमाने जोडणे, दुसऱ्याचे वाक्य समजून घेणे ही भाषा होय. 'राजा'ला 'लाजा' म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची भाषा उत्तम असू शकते. त्याचा दोष उच्चाराचा आहे. याउलट प्रत्येक ध्वनी स्वच्छ उच्चारणाऱ्या मुलाला तीन सूचना असलेले एक वाक्य कळत नसेल, तर तो दोष भाषेचा आहे.

मराठीतही बोबडे बोलणे आणि तोतरे बोलणे असे दोन वेगळे शब्द आहेत. बोबडेपणा उच्चारांचा, तर तोतरेपणा बोलण्याच्या ओघाचा. भाषेच्या दोषाला मात्र आपल्याकडे रूढ असा शब्दच नाही. ज्याला नाव नाही ते सहसा दिसतही नाही. उच्चारातील दोष पाहुण्यालाही चटकन कळतो; पण भाषा न समजणारे मूल गप्प बसते, इतरांचे पाहून तसेच करते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

नावांचा गोंधळ

१८६१ मध्ये फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने वाचा गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे शवविच्छेदन केले आणि वाचेचा संबंध मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाशी जोडला. प्रौढांमधील या वाचाघाताच्या नमुन्यावरच मुलांच्या दोषांकडेही पाहिले गेले. ज्यांना ऐकू येते, बुद्धी ठीक आहे, मेंदूला इजा झालेली नाही आणि तरीही भाषा येत नाही, अशा मुलांना 'जन्मजात वाचाघात' झाल्याचे म्हटले जाऊ लागले. १९८० च्या दशकापासून 'विशिष्ट भाषिक दोष' ही संज्ञा रूढ झाली. तिच्या व्याख्येत एक मोठी अडचण होती. मुलाची इतर बुद्धिमत्ता सर्वसाधारण असेल तरच त्याला हा दोष आहे, असे ती सांगत असे. परिणामी बुद्धिमापन चाचणीत थोडे कमी गुण पडलेली मुले उपचारापासून वंचित राहत.

ऑक्सफर्डमधील मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गोंधळ दूर करण्यासाठी इंग्रजीभाषक देशांतील ५० हून अधिक तज्ज्ञांचे मत टप्प्याटप्प्याने आजमावले. त्याचे निष्कर्ष २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून 'विकासात्मक भाषा विकार' ही संज्ञा पुढे आली. मुलाच्या भाषेतील अडचणी दीर्घकाळ टिकणाऱ्या असतील, रोजच्या व्यवहारात आणि शिक्षणात त्यांचा अडथळा होत असेल आणि त्यामागे श्रवणदोष, स्वमग्नता यांसारखे कारण आढळत नसेल, तर ही संज्ञा वापरावी असे ठरले. बुद्धिमापनाची अट काढून टाकण्यात आली. स्वमग्नता किंवा श्रवणदोष असलेल्या मुलांच्या भाषिक अडचणी दुर्लक्षिल्या जाऊ नयेत, म्हणून त्यांच्यासाठी 'अमुक स्थितीशी निगडित भाषा विकार' अशी स्वतंत्र नोंद सुचवण्यात आली.

प्रत्येक वर्गात दोन मुले

हा विकार दुर्मीळ असावा असा समज अनेक वर्षे होता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे ब्रूस टॉम्बलिन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने तो खोटा ठरवला. बालवाडीतील ७,२१८ मुलांच्या तपासणीतून सुरुवात केलेल्या या अभ्यासात ७.४ टक्के मुलांना भाषिक दोष असल्याचे आढळले. त्याहून बोलका आकडा पुढचा होता. अशा मुलांपैकी केवळ २९ टक्के मुलांच्या पालकांना याआधी कोणी तशी कल्पना दिली होती.

इंग्लंडमधील सरे परगण्यात कोर्टनी नॉरबरी यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांपैकी ७.५८ टक्के मुलांमध्ये ज्ञात कारणाशिवाय भाषेचा दोष होता. इतर विकारांबरोबर येणारे भाषेचे दोष धरले तर हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर जाते. वीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या देशांत आलेले हे आकडे एकमेकांशी जुळतात. तीस मुलांचा वर्ग असेल, तर त्यात सरासरी दोन मुले अशी असतात असा याचा अर्थ.

तरीही या विकाराचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. बिशप यांनी २०१० मध्ये केलेल्या तुलनेत असे आढळले, की बालपणीच्या इतर विकासविकारांच्या मानाने भाषा विकारावर होणारे संशोधन त्याच्या व्याप्तीच्या तुलनेत फारच कमी आहे. हे दुर्लक्ष मुलांना महागात पडते. गीना कॉन्टी-रॅम्सडेन यांनी मँचेस्टर येथे १९९५ पासून भाषिक अडचणी असलेल्या २४२ सात वर्षांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. पौगंडावस्थेत पोहोचल्यावर त्यांच्यात चिंता आणि औदासीन्याची लक्षणे समवयस्कांपेक्षा अधिक दिसली. भाषा मागे राहिली की वाचन मागे राहते, मैत्री जमत नाही आणि मन आतल्या आत कोंडते.

एका कुटुंबाची तीन पिढ्यांची कहाणी

भाषेचे दोष घराण्यात चालत येतात, हे डॉक्टरांच्या पूर्वीच ध्यानात आले होते. मात्र एकाच घरातील मुले एकाच वातावरणात वाढतात. तेव्हा कारण रक्तात की संगतीत, हे ठरवणे कठीण होते. जुळ्या मुलांवरील अभ्यासांनी ही कोंडी फोडली. एकबीज जुळ्यांपैकी एकाला भाषिक दोष असेल, तर दुसऱ्याला तो असण्याची शक्यता द्विबीज जुळ्यांच्या तुलनेत बरीच जास्त असल्याचे दिसले. अर्थहीन शब्द ऐकून लगेच उच्चारण्याची एक साधी चाचणी यात महत्त्वाची ठरली. 'भिटगोमल' यासारखा कुठेही न ऐकलेला शब्द बहुतेक मुले सहज परत म्हणतात. भाषिक दोष असलेल्या मुलांची अशा लांब शब्दांवर गाडी अडते. ही उणीव बऱ्याच अंशी अनुवंशिक असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

अनुवंशाचा सर्वांत ठोस पुरावा लंडनमधील एका कुटुंबाकडून मिळाला. संशोधनात हे कुटुंब 'के. ई.' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याच्या तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या सदस्यांचे बोलणे इतरांना कळत नसे. तोंड आणि ओठांच्या सूक्ष्म हालचालींचा क्रम जुळवणे त्यांना जमत नव्हते. शिवाय व्याकरणातही ते अडखळत. १९९० मध्ये या कुटुंबाची माहिती प्रसिद्ध झाल्यावर 'व्याकरणाचे जनुक' सापडणार, अशा बातम्यांना ऊत आला. फरानेह वर्गा-खादेम यांच्या गटाने १९९५ मध्ये केलेल्या बारकाईच्या अभ्यासाने या उत्साहाला लगाम घातला. दोष केवळ व्याकरणाचा नसून तोंडाच्या हालचालींचाही आहे, हे त्यांनी दाखवले.

१९९८ मध्ये दोषाची जागा सातव्या गुणसूत्रावरील एका पट्ट्यापर्यंत निश्चित झाली. त्या पट्ट्यात अनेक जनुके होती आणि त्यांतून नेमके एक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीतून सुई शोधणे होते. तेव्हा या कुटुंबाशी कोणतेही नाते नसलेला एक मुलगा संशोधकांना आढळला. त्याचे बोलणे तसेच होते आणि त्याचे सातवे गुणसूत्र नेमके त्याच भागात तुटलेले होते. सायमन फिशर, सेसिलिया लाय, अँथनी मोनॅको आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'फॉक्सपी-२' या जनुकाचा शोध जाहीर केला. के. ई. कुटुंबातील बाधित सदस्यांमध्ये या जनुकाच्या एका प्रतीत एकाच अक्षराचा बदल होता. त्यामुळे प्रथिनातील आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडीन आले होते. तेवढ्याने तीन पिढ्यांची वाचा अडखळली.

हे जनुक स्वतः 'भाषा' घडवत नाही. ते इतर अनेक जनुकांना चालू-बंद करणाऱ्या कळीसारखे काम करते आणि ते केवळ माणसातच नाही, तर उंदरात आणि पक्ष्यांतही असते. २००७ मध्ये झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूत त्याचे काम मंदावल्यावर पिल्ले गाणे अर्धवट आणि चुकीचे शिकली. त्याच वर्षी स्पेनमधील निअँडरथल मानवाच्या अवशेषांतही या जनुकाचे आपल्यासारखेच रूप आढळले. अलीकडच्या मानवी उत्क्रांतीत या जनुकाची विशेष निवड झाली, हा २००२ मधील गाजलेला निष्कर्ष २०१८ मध्ये अधिक व्यापक माहितीच्या आधारे झालेल्या तपासणीत टिकला नाही.

'फॉक्सपी-२'मधील बिघाड अत्यंत विरळा आहे. सर्वसामान्य भाषा विकारामागे एकच एक जनुक नसून अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, असे आता मानले जाते. तोंडाच्या हालचालींचा क्रम न जुळण्याच्या तीव्र वाचादोषाचे चित्र वेगळे आहे. मेलबर्नमधील संशोधकांनी २०२० मध्ये अशा ३४ मुलांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे एकतृतीयांश मुलांमध्ये एकेका जनुकातील बदल कारणीभूत आढळला.

तोतरेपणा आणि आयोवातील अनाथ मुले

या संशोधनाच्या इतिहासात एक काळे पानही आहे. आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे बोलत. तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, तर आईवडिलांच्या कानात सुरू होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. लहान मुलाचे नैसर्गिक अडखळणे पालकांनी 'दोष' ठरवले, की मूल धास्तावते आणि खरोखर तोतरे होते, असे त्यांचे म्हणणे. हे पडताळण्यासाठी १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या सहा मुलांना 'तुम्ही तोतरे बोलता, बोलताना जपा' असे वारंवार सांगण्यात आले. ती मुले गप्प, लाजरी आणि भयभीत झाली.

हा प्रयोग शोधनिबंध म्हणून कधी प्रसिद्ध झाला नाही. २००१ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने तो उजेडात आणल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मान्य केली. निकोलिन अँब्रोज आणि एहूद यायरी यांनी २००२ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या. त्या मुलांमध्ये खरा तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांच्या मनावर झालेला आघात मात्र खरा होता. ज्या सिद्धांताने कित्येक आयांना अपराधी ठरवले, त्याचा पाया असा कच्चा होता.

तोतरेपणाच्या मुळाशी शारीरिक कारणे आहेत, हे आता दिसून आले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना यांच्या गटाने २०१० मध्ये तोतरेपणाशी निगडित तीन जनुके जाहीर केली. त्यांतील पहिला धागा एका मोठ्या पाकिस्तानी कुटुंबाच्या अभ्यासातून मिळाला होता. २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीच्या आधारे तोतरेपणाशी संबंध असलेली ५७ ठिकाणे नोंदवण्यात आली. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो. सुमारे ५ टक्के मुले केव्हा ना केव्हा अडखळतात आणि त्यांतील बहुसंख्य काही वर्षांत सुधारतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते आणि त्यांत पुरुषांची संख्या अधिक असते.

दोन भाषांचा धसका

मूल उशिरा बोलले, की शहरी घरांत 'घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळ झाला' असे निदान लगेच केले जाते. कित्येकदा 'घरीही इंग्रजीतच बोला' असा सल्ला मिळतो. संशोधन या सल्ल्याला पाठिंबा देत नाही. कॅनडात योहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी भाषिक दोष असलेल्या फ्रेंच-इंग्रजी द्विभाषक मुलांची तुलना तसाच दोष असलेल्या एकभाषक मुलांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या पण महत्त्वाच्या अभ्यासात द्विभाषक मुले अधिक मागे असल्याचे आढळले नाही. दोन भाषांमुळे विकार होत नाही. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. घरची भाषा तोडली, तर मूल आजी-आजोबांच्या गोष्टींना आणि आईच्या सहज बोलण्याला मुकते, आणि भाषा शिकण्याचा त्याचा सर्वांत समृद्ध स्रोत आटतो.

खरी अडचण निदानाची आहे. बरेचसे संशोधन इंग्रजी मुलांवर झाले आहे. इंग्रजीत असा दोष क्रियापदाच्या भूतकाळी रूपात ठळक दिसतो. इतर भाषांत त्याच्या खुणा वेगळ्या असतात. मराठीत तीन लिंगे आहेत आणि 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली', 'मी फळ खाल्ले' अशी क्रियापदे कर्मानुसार बदलतात. ळ, ण आणि महाप्राण व्यंजने पक्की होण्याचा क्रम इंग्रजी तक्त्यात सापडणार नाही. त्यामुळे परदेशी चाचणीचे केवळ भाषांतर करून मराठी मुलाची पारख करता येत नाही. मूल ज्या भाषा ऐकते, त्या सर्व भाषांत त्याला तपासणे हाच योग्य मार्ग होय.

उपचारांनी काय साधते?

उपचारांची पहिली पायरी श्रवणचाचणीची आहे. ऐकू न येणारे मूल बोलणार कसे? अमेरिकेतील कोलोरॅडो येथील ख्रिस्तीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८ च्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे असल्याचे आढळले. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार हे सूत्र जगभर मान्य झाले आहे.

शाळेपूर्वीच्या वयातील तोतरेपणासाठी सिडनी येथे विकसित झालेली 'लिडकोम्ब' पद्धत पालकांनाच उपचारात सहभागी करून घेते. न अडखळता बोललेल्या वाक्याचे कौतुक हा तिचा गाभा. न्यूझीलंडमधील ५४ मुलांवरील चाचणीत तिचा लाभ स्पष्ट दिसला. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. भाषेच्या अडचणींसाठी इंग्लंडमधील शाळांत वीस आठवड्यांचा एक कार्यक्रम राबवला जातो. प्रशिक्षित साहाय्यक लहान गटांत शब्दसंपत्ती, गोष्ट सांगणे आणि ऐकणे यांचा सराव घेतात. मोठ्या प्रमाणावरील चाचण्यांत त्याने मुलांच्या भाषेत सुधारणा झाली. अर्थात भाषा विकार औषधाने 'बरा' होत नाही. मुलाला आधार मिळतो, मार्ग मिळतो आणि शाळेने आपली पद्धत बदलली तर त्याची प्रगती होते.

कायद्यातील फट

भारतात या क्षेत्राला संस्थात्मक पाया आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत भाषाविकासातील विलंबाचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोषही आहे.

तथापि कायद्यातील व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा वाचाघात यांसारख्या कायमस्वरूपी, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांवर बेतलेली आहे. विकासात्मक भाषा विकार असलेल्या मुलात असे दाखवता येण्याजोगे कारण नसते. 'विकासात्मक वाचाघात' हा शब्द कायद्यात येतो, पण तो अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत. त्यामुळे वाचन-लेखनात अपयश येईपर्यंत मूल व्यवस्थेच्या नजरेत भरत नाही. खरे तर मदतीची सर्वाधिक गरज त्याआधीच्या वर्षांत असते.

पालकांनी ओळखावयाच्या खुणा

दोन वर्षांचे मूल ५० पेक्षा कमी शब्द बोलत असेल किंवा 'पाणी दे' यासारखे दोन शब्द जोडत नसेल, तर ते 'उशिरा बोलणारे' मानले जाते. अशी मुले दर शंभरांत १० ते १५ असतात आणि त्यांतील बरीच पुढे बरोबरी गाठतात. बोललेले समजणाऱ्या आणि खाणाखुणांनी सांगू पाहणाऱ्या मुलाबाबत आशा अधिक असते. मात्र पुढील परिस्थितीत थांबून चालत नाही :

• वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बडबडगुंजन करत नसेल.
• दीड वर्षात एकही अर्थपूर्ण शब्द नसेल किंवा ते बोटाने काही दाखवत नसेल.
• तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घरच्यांनाही कळत नसेल.
• चार वर्षांचे मूल साध्या सूचना समजत नसेल किंवा परक्यांना त्याचे बोलणे उमगत नसेल.
• अडखळणे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले असेल किंवा मूल बोलणे टाळू लागले असेल.
• कोणत्याही वयात आलेले शब्द पुन्हा नाहीसे होत असतील.

अशा वेळी प्रथम श्रवणचाचणी आणि नंतर पात्र वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला हा क्रम पाळावा. मुलाला चारचौघांत 'नीट बोल' म्हणून दटावू नये आणि त्याची वाक्ये आपण पूर्ण करू नयेत. ते 'कुत्रा पळाली' म्हणाले, तर 'हो, कुत्रा पळाला' असे सहज उत्तर द्यावे. योग्य रूप कानावर पडते आणि मुलाचा हिरमोडही होत नाही. वर्गशिक्षकांनी लांबलचक सूचना तोडून द्याव्यात आणि उत्तरासाठी मुलाला थोडा अवकाश द्यावा. वर्गातील ती दोन मुले शिक्षकांच्या समोरच बसलेली असतात. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ वेळेवर ओळखला गेला, तर 'ढ' हा शिक्का त्यांच्या कपाळी बसत नाही.